अनुदानातला वाटा

पूर्वी बांधावर दोन माणसं भेटली की पाऊसपाण्याचं निघायचं, मग कांद्याच्या भावाचं, मग कोणाच्या घरी सोयरीक जमली त्याचं. आता आमच्या चांदवड तालुक्यात पहिला प्रश्न असतो, "आलं का?" काय आलं, हे कोणी फोडून विचारत नाही. समोरचा मोबाइल काढून बँकेचा मेसेज दाखवतो, नाहीतर नुसती मान हलवतो. कधी ते ठिबकचं असतं, कधी शेततळ्याचं, कधी कांदाचाळीचं. कधी दर चार महिन्यांनी येणारे केंद्राचे २,००० रुपये असतात आणि २०२३ पासून त्यांच्या मागोमाग येणारे राज्याचे २,०००. 'अनुदान' हा शब्दसुद्धा बोलण्यात फारसा येत नाही. आलं, निघालं, अडकलं, एवढ्यावर सगळं भागतं.

सरकारी कागदावर मात्र ह्याला नावं मोठी आहेत. २०१७ च्या कर्जमाफीच्या नावात 'सन्मान' होता. २०१९ ला केंद्राने वर्षाला ६,००० द्यायला सुरुवात केली, तोही 'सन्मान निधी'. २०२३ ला राज्याने त्यावर आपले ६,००० घातले, तो 'महासन्मान'. सन्मानाचा महासन्मान झाला, कांदा होता तिथेच राहिला. शहरातल्या माणसाला ह्या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो, 'फुकट'. मी नाशिकला शाळेत शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत हा शब्द महिन्यातून एकदा तरी कानावर येतो, आणि शनिवारी गावी गेलं की 'आलं का' ऐकू येतं. ह्या पैशाला नेमकं म्हणायचं काय? दान म्हणायचं, भरपाई म्हणायची, की हक्क? आणि एकदा नाव ठरवलं, की त्या नावाबरोबर आपल्या अंगावर काय येतं? गावात हे प्रश्न कोणी असे मांडत नाही. आमच्या घरात ते २०२३ च्या उन्हाळ्यात मांडावे लागले.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, शेतकरी संघटनेतले. १९८० च्या नोव्हेंबरात ते सव्वीस वर्षांचे होते. कांद्याला आणि उसाला भाव मागत शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडवायला सांगितलं, तेव्हा नाना भाकरी बांधून घराबाहेर पडले ते आठ दिवस आलेच नाहीत. निफाड तालुक्यात खेरवाडीला गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. नाना त्या दिवशी तिथे नव्हते, पण ते नाव निघालं की अजून जेवताना त्यांचा हात थांबतो. १९८२ च्या जानेवारीत सटाण्याला संघटनेचं अधिवेशन झालं. तिथून आणलेला लाल बिल्ला देव्हाऱ्याच्या फळीवर आहे. आई देवांबरोबर त्याच्यावरचीही धूळ पुसते. घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे: 'भीक नको, हवे घामाचे दाम'.

त्या घोषणेच्या मागे हिशेब होता, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. जोशींचं म्हणणं असं, की सरकार खताला, विजेला जी सूट देतं ती वहीच्या एका बाजूला लिहा. निर्यात अडवून, बाहेरून माल आणून, लेव्ही लावून शेतमालाचा भाव जेवढा खाली दाबला जातो, तो दुसऱ्या बाजूला लिहा. मग वजाबाकी करा. शेतकऱ्याला दिल्यापेक्षा त्याच्याकडून नेलेलं जास्त निघतं. ह्याला ते 'उणे सबसिडी' म्हणायचे. पुढे जागतिक व्यापार कराराच्या वेळी भारत सरकारने स्वतःच जे आकडे कळवले, त्यात शेतमालाला दिलेला आधार उणेच निघाला. नानांना ते आकडे पाठ नाहीत. पण 'उणे' हा शब्द ते असा उच्चारतात, की समोरच्याने आपला खिसा चाचपून बघावा.

तर असा माणूस. आणि २०२३ चा फेब्रुवारी.

त्या साली रांगडा लाल कांदा सगळ्यांचा एकदमच निघाला. उन्हाळा लवकर तापला आणि ठेवायची सोय नाही, कारण लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, ही बातमी तेव्हा देशभर गेली. आमच्या लासलगावच्या पट्ट्या क्विंटलला ४०० ते ६५० च्या आत-बाहेर होत्या. आरडाओरड झाली, दिंडोरीहून मोर्चा निघाला, विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. मग सरकारने जाहीर केलं की १ फेब्रुवारी ते ३१ मार्च ह्या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. असं काही पहिल्यांदाच झालं असंही नाही. २०१६ ला क्विंटलला १०० दिले होते, २०१८ च्या हिवाळ्यात २००. त्याच २०१८ ला निफाडच्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले होते. नानांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं.

म्हणून मला वाटलं, नाना अर्ज करू देणार नाहीत. घरचे सगळे ऑनलाइन-ऑफलाइन अर्ज माझ्याकडे असतात. ई-पीक पाहणीची नोंद मी दसऱ्याच्या सुट्टीत मोबाइलवर करून ठेवली होती, त्यामुळे सातबाऱ्यावर कांदा लागलेला होता. (ज्यांची नोंद नव्हती त्यांचे हाल झाले. शेवटी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशी समिती नेमून वाट काढावी लागली.) मी घाबरत घाबरत विचारलं, तर नाना म्हणाले, "भर. ही काय भीक नाही. आपलं नेलेलं त्यांच्याकडं आहे, त्यातली चिल्लर परत येऊ राहिली."

मास्तरकीची सवय वाईट. मी म्हणालो, "नाना, ह्या फेब्रुवारीत निर्यात तर खुली होती. माल जास्त आला म्हणून भाव पडला. ह्यात सरकारने आपलं काय नेलं?"

"ह्या साली नसंल नेलं. गेल्या सालांचं काय? साल बदललं म्हणून उधारीचं खातं बंद होतं का?"

हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटलं होतं. नंतर तारखा काढून बघितल्या. २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मार्च २०२० पर्यंत. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंद, ती वर्ष संपेपर्यंत. दोन्ही वेळा भाव जरा वर जायला लागला होता. आणि पुढे आमचा अर्ज मंजूर होऊन पडलेला असताना, १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसलं. सप्टेंबरात अनुदानाचा पहिला हप्ता आला. ८ डिसेंबरला निर्यात पुन्हा पूर्ण बंद. म्हणजे वसुली, परतफेड आणि पुन्हा वसुली, हे सगळं चार महिन्यांत. ज्या उन्हाळ्यात आम्ही दोघं वाद घालत होतो तेव्हा ह्यातलं पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, पण नानांचं खातं चालू असल्याचं त्यांना ठाऊक होतं.

शिक्षकांच्या खोलीतलं म्हणणंही इथे मांडायला हवं. कांदा ७० रुपयांवर गेला की ज्याचं हातावर पोट आहे त्याची भाजी जाते. सरकारने त्याच्यासाठी भाव धरून ठेवला, तर त्यात पाप ते काय? काहीच नाही. गरिबाला कांदा स्वस्त मिळावा, हे सरकारने बघावंच. पण त्याचा खर्च सगळ्यांच्या करातून करायचा, की जो कांदा पिकवतो त्याच्या एकट्याच्या खिशातून, हा प्रश्न राहतो. रेशनच्या गव्हाची किंमत सरकार देतं. कांद्याच्या वेळी ते किंमत देत नाही, नुसतं फाटक लावतं. आणि फाटक लावून स्वस्त झालेला कांदा सातव्या वेतन आयोगवाल्यांच्या घरीही त्याच भावात येतो, हे मी माझा पगार समोर ठेवूनच लिहितो आहे. तेव्हा नानांची 'भरपाई' मला पटली. सगळी नाही, पण बरीचशी पटली.

इथपर्यंत बापलेकांचं जमलं होतं. अडलं ते पुढे.

ज्या दीड एकराचा हा कांदा, ते वावर आम्ही वाट्याने दिलेलं होतं. नानांच्याने आता होत नाही आणि मी शनिवार-रविवारचा शेतकरी. वाटेकरी सुरगाणा तालुक्यातला. तिकडे डोंगरात त्याच्या बापाचा वनपट्टा आहे, तो पावसाळ्यापुरता पोसतो. दसऱ्यानंतर नवराबायको आमच्या विहिरीवरच्या खोलीत राहायला येतात. बोली अशी: जमीन आणि पाणी आमचं, कष्ट त्यांचे, बी-खत-औषध आणि बाहेरची मजुरी निम्मी निम्मी, माल निम्मा. आमच्याकडे सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे. कागद कुठेच नसतो. माल ट्रॅक्टरमधून बाजारात जातो तो मालकाच्या नावाने, पट्टी फाटते ती मालकाच्या नावाने. घरी आल्यावर ओट्यावर बसून निम्मे मोजून दिले जातात.

त्या साली १४० क्विंटल निघाला. सरासरी ५०० धरली तर ७०,००० झाले. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन ६१,००० राहिले. त्याच्या वाट्याचे ३०,५००, आणि त्यातून खर्चाचा त्याचा निम्मा हिस्सा २२,००० वजा. उरले साडेआठ हजार. दोन माणसं, पाच महिने.

अनुदान १४० क्विंटलचे ४९,०००. नानांच्या खात्यावर.

अर्जाबरोबर पट्ट्यांच्या झेरॉक्स लावायच्या होत्या. त्या मी विहिरीवर बसून लावत होतो, तेव्हा वाटेकऱ्याची बायको भांडी घासता घासता म्हणाली, "मास्तर, कांदे तर निम्मे आमचे होते. मग ह्या पैशाचं काय?" नवरा तिच्यावर डाफरला. तिने पुन्हा विचारलं नाही.

शासन निर्णय मी नीट वाचलेला होता. त्यात एक गोष्ट बारकाईने सांगितलेली आहे. सातबारा बापाच्या नावावर आणि विक्रीपट्टी मुलाच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल, तर दोघांनी सहमतीचं शपथपत्र द्यायचं, आणि पैसे सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जायचे. म्हणजे लिहिणाऱ्याला हे माहीत होतं की ज्याची जमीन तोच विकणारा असेल असं नाही. त्याने बापलेकाचा विचार केला, भावाभावाचा केला. वाट्याने करणारा त्याच्या डोळ्यांसमोर आलाच नाही. येणार तरी कुठून, तो कोणत्याच उताऱ्यावर नाही.

हे नसणं उगीचचं नाही. वाटेकऱ्याचं नाव कागदावर आलं की उद्या तो कूळ लागेल, ही भीती आमच्याकडे दुधातून पाजली जाते. कुळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ ला 'कसेल त्याची जमीन' म्हणून कुळं मालक झाली. आणि आमचं घर त्यातलंच. आजोबा एका चांदवडकर सावकाराची जमीन खंडाने करायचे. पीकपाहणीला त्यांचं नाव लागलेलं होतं म्हणून '३२ ग'ची चौकशी त्यांच्या बाजूने झाली, किंमत ठरली, हप्त्याहप्त्याने फेडली आणि जमीन आमची झाली. नाव लावणाऱ्या त्या तलाठ्याला आजी मरेपर्यंत दिवाळीला आठवायची. ज्या रकान्यामुळे आम्ही जमीनवाले झालो, तो रकाना आम्ही आता जपून मोकळा ठेवतो. गावात सगळेच ठेवतात.

शेजारचे आप्पा नानांचे जुने सोबती, संघटनेतलेच. त्यांच्याकडे विषय निघाला, तर ते स्पष्ट म्हणाले, "वाटा मालाचा ठरला होता, सरकारच्या पैशाचा नाही. त्यांनी माल घेतला, विषय संपला." आणि आप्पांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. ते म्हणाले, सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर. विहीर आटली की गाळ मी काढायचा, मोटर जळली की मी भरायची. वाटेकरी हंगाम झाला की बोचकं उचलून जातो, पुढच्या साली दुसऱ्याचं वावर धरतो. मला हे वावर सोडून कुठं जाता येतं? नोटीस येते ती माझ्या दाराला. मग संकटाचा पैसा येईल तो जो संकटात अडकून राहतो त्याचाच. खरं बोलत होते. मालकी म्हणजे नुसता मालाचा वाटा नव्हे, त्यात बांधलेपणही येतं, आणि बांधलेपणाची किंमत कुठल्याही पट्टीवर लिहिलेली नसते.

पण मग मला असं दिसू लागलं की आप्पांचा हा युक्तिवाद आणि देव्हाऱ्यावरचा बिल्ला एका घरात राहू शकत नाहीत. हे पैसे काय आहेत? जर ते सरकारने जमीनवाल्याला, त्याची अडचण बघून, दिलेली मदत असेल, तर आप्पा बरोबर. मदत ज्याला दिली त्याची, वाटेकऱ्याचा संबंध नाही. पण मग ती मदतच झाली. 'भीक नको' म्हणणाऱ्याने ती घेताना निदान आवाज खाली ठेवावा. आणि जर ती भीक नसेल, घामाचा राहिलेला दाम असेल, उशिरा का होईना आलेला भावच असेल, तर तो त्या १४० क्विंटल कांद्याचा भाव आहे. तसा तो क्विंटलवरच मोजून दिलेला आहे, एकरावर नाही, कर्जावर नाही, विहिरीच्या गाळावर नाही. आणि कांद्याच्या भावात निम्मा कोणाचा, हे आमच्या ओट्यावर आधीच ठरलेलं होतं. ताठ मानेने पैसे घ्यायचे तर निम्मे द्यावे लागतात. सगळे ठेवायचे तर मान खाली घालावी लागते. दोन्ही एकदम मिळत नाही.

मी हे नानांना एवढं सुतासारखं सांगितलं नाही. बापाला असं सांगता येत नाही. एवढंच म्हणालो, "नाना, हे पैसे क्विंटलवर दिलेत." ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "तुझ्या आज्याचं नाव लावणारा तो तलाठी बामण होता. सावकार बी बामण. लोकं म्हणायचे, जातीला जागला नाही." एवढंच बोलून ते उठून गोठ्याकडे गेले.

त्या उन्हाळ्यात मी आणखी एका माणसाचा वाटा शोधत होतो, आणि तिथे मात्र नानांचं तर्कशास्त्र थांबतं. कांद्याची लागवड आणि काढणी टोळीच्या बाया करतात. पेठ-सुरगाण्याकडून येतात, गाडीत उभ्या राहून. एकरावर उक्तं ठरतं आणि संध्याकाळी रोख मिळतं. नाना म्हणाले, "त्यांची मजुरी भाव पडला म्हणून कमी केली नाही, वाढला असता तर जास्त दिली नसती. भावाशी त्यांचा संबंध नाही. मग भावाच्या पैशात त्यांचा वाटा कसा?" बरोबर आहे. भाव म्हटलं की हिशेब तिथेच थांबतो.

पण पैसा येतो कुठून? सरकारच्या पिशवीत तो काही नुसता आयकरवाल्यांनी टाकलेला नसतो. ती बाई २०० रुपयांच्या आतबाहेर मोबाइलचं रिचार्ज मारते, त्यावर १८ टक्के जीएसटी तीही भरते. माझ्या खात्यात 'आलं' त्यात तिचेही चार आणे आहेत. तेव्हा तिला सरकारकडून पैसे हवे असतील तर रोजगार हमीवर जावं लागायचं. महाराष्ट्राने हा कायदा १९७७ लाच केला, देशाच्या कितीतरी आधी, त्याचा अभिमान बाळगावा असाच आहे. पण तिथे खड्डा खणायचा, माप द्यायचं, हजेरी लावायची, मग पैसे. पीएम किसानचे ६,००० घ्यायला माझ्या बापाला एक ढेकूळ फोडावं लागलं नाही. नावावर जमीन आहे, एवढं पुरलं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने घाम दाखवल्याशिवाय त्याला तेव्हा पैसा नव्हता, आणि ज्याच्याकडे थोडंफार आहे त्याला सातबारा दाखवला की झालं. घामाचे दाम मागणाऱ्यांनी ह्यावर कधी बोलल्याचं मला आठवत नाही. नानांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिला द्यायला नको कोण म्हणतं? पण ते दान आहे, तिथं सरकारनं दान म्हणूनच द्यावं." ह्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. जमीन नसलेल्या बाईला दान आणि आपल्याला दाम, ही वाटणी मला खटकते. पण आप्पा आणि नाना दोघंही म्हणतात की मास्तरला शाळेत बसून खटकायला वेळ असतो.

पाण्याच्या बाबतीत तर वाट्याचा प्रश्न कोणी काढतही नाही. शेततळ्याला अनुदान मिळतं ते पावसाचं पाणी धरून ठेवण्यासाठी. आमच्या भागात कितीतरी शेततळी विहिरीवरची मोटर लावून भरली जातात. पावसाळ्यात विहीर उपसून पाणी प्लास्टिकच्या कागदावर आणून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात ते एकट्याचं. जमिनीखाली होतं तोवर ते शेजाऱ्याच्या विहिरीतही उतरत होतं. अनुदान एकाच्या खात्यात येतं आणि पाणी चौघांच्या विहिरीतून जातं. ह्याला दाम म्हणावं की दान, विचारायची सोय नाही. विचारलं तर आधी ज्याच्या बांधावर उभे आहोत त्यानेच हाकलून दिलं असतं.

सप्टेंबरात १०,००० चा पहिला हप्ता आला. नाना बँकेतून आले ते थेट विहिरीवर गेले आणि ५,००० त्या बाईच्या हातात दिले, नवऱ्याच्या नाही. नवऱ्याने आदल्या साली पोरीच्या दुखण्याला १५,००० उचल घेतलेली होती. तो म्हणाला, नाना, उचलीत कापून घ्या. नाना म्हणाले, "उचलीचं उचलीत पाहू. हे कांद्याचं आहे." बाकीचे तुकड्यातुकड्याने येत राहिले. शेवटचे येईपर्यंत पुढचा कांदा निघून निर्यातबंदीत सापडला होता. दर वेळी नाना निम्मे नेऊन देत. एकूण २४,५००. पाच महिन्यांच्या साडेआठ हजारांच्या तिप्पट जवळजवळ. ते मोजताना वाटेकऱ्याला आनंद झाला की नाही, मला सांगता येणार नाही. त्याला ते सगळं जरा संशयास्पद वाटत होतं. कशावर अंगठा तर घ्यायचा नाही ना, असं त्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

गावात मात्र बोभाटा झाला. आप्पा महिनाभर ओट्यावर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "नाना, तुम्हाला द्यायचे तर गुपचूप द्यायचे. तुम्ही पायंडा पाडून ठेवला." आणि ते खरं झालं. अक्षय तृतीयेला पुढच्या सालाच्या बोली होतात. आप्पांच्या वाटेकऱ्याने खर्चाचं, पाण्याचं, खोलीच्या पत्र्याचं सगळं बोलून झाल्यावर हळूच काढलं, "आणि अनुदान आलं तर निम्मं."

आप्पा भडकले. "घे ना. मग सरकारनं निर्यातबंदी केली तर तिचं बी निम्मं घे."

तो पोरगा खाली बघून म्हणाला, "ती तर दर साली घेऊच राहिलो ना, आप्पा."

त्या साली आप्पांनी वावर वाट्याने दिलं नाही. मका पेरला. मक्याला माणसं कमी लागतात.